कागदाबाहेरचा रकाना

अमेरिकेच्या व्हिसाच्या रांगेचा तक्ता मी झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला, त्या मोठेपणात भारताचा रकाना कागदाबाहेर गेला, आणि तो गेलाय हे न बघताच मी माढा तालुक्यातल्या भगवान नानांना सांगून टाकलं, की अठरा वर्षांनी तुमचा नंबर लागला.

चूक माझीच. झेरॉक्सवाल्याची नाही. तो बिचारा म्हणाला होता, "काका, एवढं मोठं केलं तर कड कापली जाईल. चालंल का?"

मी म्हणालो, "चालेल की. कडेला काय असतंय?"

कडेला आपला देश होता.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा, नव्या पिढीला मार्गदर्शन होईल." मार्गदर्शन हा शब्द ऐकून आमची ही इतकी हसली, की तिच्या हातातला चहा बशीत आला. "लिहा की," म्हणाली, "पण खरं लिहा." आता खरं लिहायचं म्हटलं की माझ्याकडं यश फार उरत नाही. जे आहे ते लिहितो.

मी सोलापुरात कोर्टामागच्या बोळात पंचवीस वर्षांहून जास्त काळ परदेशी जाणाऱ्यांचे कागद केले. मी वकील नाही. मूळचा टायपिस्ट. जन्माचे, लग्नाचे दाखले मराठीतून इंग्रजीत करायचे, फॉर्म भरायचे, फोटोत दोन्ही कान दिसतात का ते बघायचं, आणि मुलाखतीला जाताना काय बोलू नका ते सांगायचं, एवढंच माझं काम. दुकानाच्या पाटीवर विमान काढलेलं होतं. पेंटरनं त्याआधी फक्त रिक्षा रंगवल्या होत्या, त्यामुळं त्या विमानाला आरसे होते. मी स्वतः कधी विमानात बसलेलो नाही. माझा पासपोर्ट दोनदा निघाला आणि दोनदा कोराच संपला. तरी अमेरिकेतल्या कुठल्या ऑफिसात कुठला फॉर्म जातो हे मी झोपेतून उठवलं तरी सांगत असे. झोपेतून उठवायला कुणी येत नसे, ही गोष्ट वेगळी.

माझी निम्मी गिऱ्हाइकं एक जूनला जन्मलेली. आपल्याकडं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालताना आईबापाला तारीख आठवायची नाही, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. पण हे परदेशी साहेबाला कसं सांगायचं? एकदा चार भावांचे अर्ज गेले, चौघंही एक जूनचे. तिकडून विचारणा आली, ही काय भानगड आहे? मी दोन पानांचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, गुरुजी, कान, डोकं, सगळं इंग्रजीत समजावून. नोटरीकडं सहीला नेलं. नोटरीसाहेबांनी ते लक्ष देऊन वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान लिहिलंय. माझापण एक जूनच आहे."

तर ही रांग काय प्रकार आहे, ते आधी सांगतो. हे कळल्याशिवाय माझा मूर्खपणा पुरता कळायचा नाही.

अमेरिका दरवर्षी ठरावीक माणसांनाच कायमचं राहायला घेते. तिथल्या नागरिकाचा नवरा किंवा बायको, लहान लेकरं, आईबाप यांना रांग नाही. बाकीच्या नात्यांना आहे, आणि त्यात भाऊ-बहीण सगळ्यांत शेवटच्या गटात. शिवाय वर एक नियम, की कुठल्याही एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांवर द्यायच्या नाहीत. देश केवढा, हे बघायचं नाही. समजा बार्शी स्टँडवरून एस.टी. सुटायचीय आणि कंडक्टरनं सांगितलं, प्रत्येक गावाला तीन सीट. मग चार उंबऱ्यांच्या वस्तीलाही तीन आणि अख्ख्या बार्शीलाही तीन. वस्तीवरचा माणूस शीळ घालत चढतो, खिडकीची जागा पकडतो, शेजारी पिशवी ठेवतो. बार्शीकर मात्र स्टँडाबाहेर, पार धान्यबाजारापर्यंत रांग लावून उभे. या गोष्टीत आपण बार्शीकर.

तुमचा अर्ज ज्या दिवशी पोचला, ती तारीख म्हणजे तुमचं टोकन. दर महिन्याला तिकडचं सरकार एक तक्ता काढतं, की अमुक तारखेच्या आधीचे टोकनवाले पुढं या. आडव्या ओळीत नाती, उभ्या रकान्यात देश. पहिला रकाना 'बाकी सगळं जग', आणि मग ज्यांची गर्दी फार अशा काही देशांचे वेगवेगळे रकाने. आधी चीन, मग आपण, मग आणखी एक-दोन. आणि ही तारीख पुढंच सरकते असं नाही बरं का. कधी महिनोन्‌महिने हलत नाही. कधी चक्क मागं जाते. म्हणजे कंडक्टर खाली उतरून रांगेला सांगतो, सगळ्यांनी दहा पावलं मागं व्हा, मोजण्यात चूक झाली.

नोकरीवर गेलेल्यांची रांग याहून न्यारी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक मावशी माझ्याकडं यायच्या. घर तेलुगू, मुलगा तिकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत, वर्षानुवर्षं त्याच्या कार्डाची वाट बघत. एकदा त्यांनी मला विचारलं, "काय ओ, ग्रीन कार्ड म्हणजे रेशन कार्डच की?"

"तसंच समजा."

"पिवळं गरिबाला, केशरी मधल्याला, पांढरं श्रीमंताला. मग हे हिरवं कुणाला?"

"ज्याला थांबता येतं त्याला."

मावशींनी जरा विचार केला. "मग आमचा पोरगा नापास. दूध वर येईपर्यंत थांबत नाही ओ तो. आधीच गॅस बंद करतो."

आता भगवान नाना.

नाना माझ्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची सारिका चार वर्षांची होती आणि काउंटरवरचे माझे रबरी शिक्के स्वतःच्या हातावर मारत होती. नानांची थोरली बहीण, शकुंतला आक्का, नर्स होऊन अमेरिकेला गेलेली, तिथली नागरिक झालेली. तिनं भावासाठी अर्ज केला. अशा अर्जात भाऊ, भावजय आणि त्यांची बिनलग्नाची लेकरं येतात. नानांना एकच लेक.

"किती दिवस लागतील, साहेब?" नानांनी विचारलं.

"दहा-बारा वर्षं."

"मी दिवस विचारलं."

मी दिवस करून सांगितले नाहीत. सांगितले असते तर बरं झालं असतं. कारण नाना त्या दिवसापासून निघायच्या तयारीत बसले. दर महिन्याला तक्ता आला की त्यांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "हलली का?" "हलली थोडी." "बरं." एवढंच. घर बांधलेलं होतं, पण भिंतीला गिलावा केला नाही. "कशाला गिलावा? जायाचंच हाय की." लिंबोणी लावायची होती, ती लावली नाही. "फळ धराया पाच वर्सं. तवर आपन हितं कुटं?" अठरा वर्षं त्या घराच्या उघड्या विटा पावसानं धुतल्या. दहाची पंधरा झाली, पंधराची अठरा झाली, आणि मी दर महिन्याला "थोडी हलली" म्हणत राहिलो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तो माझ्या धंद्यातला रोजचा शब्द होता.

सारिका मोठी झाली. बार्शीच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली. तिथंच तिच्यापुढं एक वर्ष विक्रम नावाचा मुलगा होता. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं घर, ऊस आणि केळी. दोघांची एकमेकांना पसंती होती. मग रीतसर मध्यस्थ घालून स्थळ आलं, पाहणं झालं, दोन्ही घरं राजी. सुपारी फोडायची तेवढी राहिली.

आणि सुपारी फोडण्याआधी नाना सारिकाला घेऊन मला विचारायला आले. कारण नियम असा, की लेकीचं लग्न झालं की तिचं नाव अर्जातून गेलं. वयाचीही अट आहे, एकवीसच्या आत. पण अर्ज मंजूर व्हायला जेवढा काळ लागला, तेवढा वयातून वजा धरतात. सारिका बावीसची. मंजुरीला दोन वर्षं लागलेली. म्हणजे कागदावर विशीची. त्या साली नंबर लागला तर ती बसत होती. नाही लागला तर नाही.

"साहेब, आता तुमीच सांगा," नाना म्हणाले. "सुपारी फोडू का थांबू?"

त्याच महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, डोळ्यात थेंब. कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघवत नव्हतं, म्हणून तक्ता छापून, मोठा करून आणला होता. कसा आणला ते वर सांगितलंच आहे. मी कागद टेबलावर पसरला, फूटपट्टी आडवी लावली, भावंडांच्या ओळीवर बोट नेलं. तारीख नानांच्या टोकनच्या पुढं गेलेली! मी परत बघितलं. पुढंच!

"नाना," मी उभा राहिलो. "नंबर लागला!"

नानांनी टोपी काढून हातात घेतली, परत घातली.

सारिका कागदावर वाकून बघत होती. "काका, ह्यात इंडिया कुटं हाय?"

"हा काय, पहिला रकाना."

"तितं 'बाकी सगळे' लिवलंय. शेजारी चायना. आन फुडं कागदच संपलाय."

आता इथं मला थांबायला काय झालं होतं? पण मी थांबणाऱ्यांचा मार्गदर्शक, स्वतः थांबणारा नव्हे. बाकीच्या नात्यांच्या ओळीत आपली आणि जगाची तारीख बहुतेक वेळा एकच असते. फक्त भावंडांच्या ओळीत आपण मागं असतो. हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं ठाऊक होतं. त्या एका मिनिटाला नव्हतं.

"सारिका," मी म्हणालो, "मी हे काम करायला लागलो तेव्हा तू पाळण्यात होतीस."

ती मागं सरून बसली. वडीलधाऱ्याचं पटलेलं नसताना पोरी बसतात तशी. मी नानांना सांगितलं, "सुपारी थांबवा. स्थळाला नाही म्हणा. दोन-तीन महिन्यांत पत्र येईल. पोरीचं आयुष्य घडतंय, केळीच्या बागेसाठी घालवू नका."

हे शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं.

नानांनी स्थळाला नाही कळवलं. आणि गावाला होय कळवलं. माढ्याच्या त्या बाजूला बातमी पसरायला वेळ लागत नाही. आठवड्यात गावच्या कमानीला फ्लेक्स लागला. नाना, त्यांच्या पत्नी म्हणजे काकू, आणि सारिका, मागं विमान, आणि वर 'अमेरिकेला प्रस्थान करणारे गावचे पहिले कुटुंब'. खाली कोपऱ्यात माझा फोटो, 'मार्गदर्शक'. फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला होता. माझ्या खांद्यावर एक बांगड्यांचा हात तसाच राहिला होता. तो कुणाचा, यावर आमच्या घरी पुढं बरीच चौकशी झाली.

देवळापुढं सत्कार ठेवला. मला फेटा, शाल, नारळ. मी भाषण केलं. संयम या विषयावर केलं. सारिका समोर बसली होती, तिनं एकदाही टाळी वाजवली नाही. नानांनी त्याच दिवशी आपली म्हैस चुलतभावाच्या गोठ्यात नेऊन बांधली. "आता तूच संभाळ रं," म्हणाले.

पुढच्या महिन्यात डोळा बरा झाला. मी काळा चष्मा काढला आणि नवा तक्ता पडद्यावर उघडला. उघडला तर काय, रकानेच रकाने! माझ्या कागदावर दोन, पडद्यावर पाच. मी तो जुना कागद काढून पडद्याला लावला. कागद चीनपाशी संपत होता. तिसरा रकाना भारताचा. त्यात भावंडांची तारीख नानांच्या टोकनच्या मागं. थोडीथोडकी नाही, दीड वर्षाच्या वर मागं. आणि कागदावरचं दीड वर्ष संपायला खरी वर्षं किती लागतील, ते त्या कंडक्टरलाच ठाऊक.

फॅन चालू होता तरी माझा सदरा भिजला. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "फोन करू नका. जा."

"उद्या जातो."

"आत्ता जा. फेटा घ्यायला गेला होता तेव्हा लवकर उठला होता."

एस.टी.नं गेलो. गावाच्या कमानीत माझंच स्वागत करायला मीच, फ्लेक्सवर, खांद्यावर बांगड्यांचा हात घेऊन उभा. नाना ओट्यावर शेजाऱ्याला पासपोर्ट दाखवत होते. शेजारी उठून जाईपर्यंत मी पाणी प्यालो. तीन तांबे प्यालो. मग सांगितलं. गोल गोल न बोलता सांगितलं, की कागद कापला गेला होता, मी बघितलं नाही, सारिकानं दाखवलं होतं, मी ऐकलं नाही.

नानांनी दोनच प्रश्न विचारले.

"म्हंजी अजून किती?"

"कमीत कमी दीड-दोन वर्षं. जास्तच."

"आन सारिका?"

"तोवर ती वयात बसत नाही, नाना. दोन वर्षं वजा धरूनही नाही. आता तिचं लग्न करा, न करा, तिचं नाव जाणारच. तिच्यासाठी थांबण्यात काही अर्थ नव्हता. मी उगाच थांबवलं."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. नाना उठले, वहाणा घातल्या आणि चालायला लागले. चुलतभावाच्या गोठ्यात गेले, म्हैस सोडली, आणि गावातल्या मधल्या रस्त्यानं, त्या फ्लेक्सच्या खालून, तिला घेऊन परत आले. दुकानापुढं बसलेले लोक बघत होते. म्हैस अंगणात आल्यावर आपल्या जुन्या खुंट्यापाशी जाऊन आपणहून उभी राहिली. नाना तिला बांधत बसले. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

सारिका दारात उभी होती. "काका, सांगितलं हुतं मी."

"होय."

"रविवारी ती लोकं मोडनिंबला दुसरी पोरगी बघाया चाललीत."

मी नानांकडं बघितलं. नाना म्हशीकडं बघत म्हणाले, "मी न्हाय जानार. कुटल्या तोंडानं जाऊ? ज्यानं मोडलं त्यानं जोडायचं."

तो दिवस शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी मी विक्रमच्या गावाला निघालो. फाट्यावर मला घ्यायला विक्रम मोटारसायकल घेऊन आला. सारिकानं फोन केला असणार. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच पाण्याची चकाकी, आणि काठाला ओळीनं पाणी उपसायच्या मोटारी. घराजवळ आल्यावर गाडी बंद करून तो म्हणाला, "काका, एक सांगू का? तात्या चिडले तर चिडू द्या. मधी काय समजावून सांगू नगा. तुमी समजावलं की घोळ हुतो."

त्याचे वडील हणमंत तात्या केळीच्या बागेच्या कडेला बाजेवर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"तुमीच का ते मार्गदर्शक?"

"होय."

"केळीच्या बागंसाठी पोरीचं आयुष्य घालवू नगा, आसं म्हनला हुतासा म्हनं."

हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी मान खाली घातली. विक्रमनं बजावलं नसतं तर नक्की काहीतरी समजावायला गेलो असतो.

"तवा अमेरिकेपायी आमाला न्हाय म्हनलासा," तात्या म्हणाले. "आता अमेरिका न्हाय म्हनली म्हून आमी व्हय? आमी काय यष्टी हाय का, एक चुकली तर दुसरी?"

"अमेरिका काही म्हणाली नाही, तात्या. तिला अजून काही माहीतच नाही. सगळं मी म्हणालो." आणि मी तो कागद काढून बाजेवर ठेवला. तो दाखवायचा असं काही ठरवलं नव्हतं. पण बोलून बोलून माझी वाट लागलेली, म्हटलं कागदच बोलू दे.

तात्यांनी कागद फिरवून बघितला. "मला इंग्रजी येत न्हाय. ह्यात आपला देश कुटला?"

"यात नाही."

"न्हाय?"

"कापला गेला. कडेला होता."

"मग तुमी काय बघितलासा?"

"बाकीच्यांचं बघितलं."

तात्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "अगं ये, भाईर ये. हे बघ. ह्या मानसानं दुसऱ्या लोकांचा निकाल बघून आपल्याकडच्या मानसाला पास केला!" विक्रमची आई पदराला हात पुसत आली, कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाली, "आन लोकांनी ह्यास्नी फेटा बांदला?"

तिथं तात्यांना हसू आलं. पण हसून झाल्यावर ते परत ताठ झाले. "त्ये समदं खरं. पर लोकं काय म्हनतील? अमेरिकेनं टाकलेली पोरगी ह्यांनी करून घेतली. उद्या भांडन झालं तर भावकी हेच त्वांडावर फेकंल. माज्या सुनंला आसं कुनी बोललेलं मला चालायचं न्हाय."

'माज्या सुनंला' म्हणाले! मी विक्रमकडं बघितलं. तो केळीकडं बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

तात्यांनी अट घातली. सकाळी साखरपुडा, दुपारी लग्न, एकाच दिवशी. आणि साखरपुड्याला दोन्हीकडची माणसं बसली की मी माईक घेऊन उभं राहायचं आणि चूक कुणाची ते सगळ्यांना सांगायचं. "सत्काराला बोललासा न्हवं? मग हितंबी बोलायचं. फेटा मातूर न्हाय."

मोडनिंबचा बेत रद्द झाला.

लग्नाआधी नानांनी घराला गिलावा करून घेतला. अठरा वर्षांनी. मी बघायला गेलो तेव्हा गवंडी शेवटचा हात फिरवत होता आणि नाना मागं हात बांधून उभे होते. मला म्हणाले, "आधीच कराया पायजे हुता. भिंतीत गारवा ऱ्हातो म्हनं." त्या विटांवरनं गेलेल्या पावसाळ्यांत माझा 'थोडी हलली' हा शब्दही होता, हे मला तेव्हा लागलं. अजूनही लागतं. माझ्याकडं येणाऱ्या किती जणांनी किती गिलावे असे ठेवून दिले असतील, हे मी कधी विचारलंच नाही. फॉर्ममध्ये तो रकाना नसतो.

लग्न एका मंगल कार्यालयात. साखरपुडा झाला, तात्यांनी मला खूण केली. मी माईक घेतला. शेकडो माणसं, आणि पहिल्या रांगेत दोन्हीकडची भावकी. सांगितलं सगळं. झेरॉक्स, कड, काळा चष्मा. सारिकानं दाखवलेलं आणि मी न ऐकलेलं. नाव कुणाचं कापलं नाही, पोरीला कुणी टाकलं नाही, मुळात तिचा नंबर आलाच नव्हता, आला असं म्हणणारा गाढव इथं उभा आहे. लोक हसले. पोटभर हसले. आणि एकदा लोक हसले की माझं भान सुटतं. मी म्हणालो, "आता तुम्हाला वाटेल, रांग एवढी लांब का? तर समजा, बार्शी स्टँडवरून एस.टी. सुटायचीय..."

तीन सीटपर्यंत पोचलो असेन नसेन, तात्यांनी माईकची वायर काढली. "बास की ओ! जेवनाची रांग आदी सोडा."

नाना अजून त्या मोठ्या रांगेत आहेत. काकू आणि ते, दोघंच. मी दुकान बंद केलं, पाटी उतरवली, आरसेवालं विमान आता घरी माळ्यावर आहे. तरी महिन्याला त्यांचा फोन येतो. मी पडद्यावर तक्ता उघडतो आणि आमची ही शेजारी बसून प्रत्येक रकान्याच्या वरचं नाव मोठ्यानं वाचते, साक्षीदार म्हणून. मगच मी नानांना सांगतो. हल्ली "हलली का?" नंतर ते "बरं" म्हणतात त्याच्या आधी जरा थांबतात. मागून कधी नातवाचं रडणं ऐकू येतं, आणि मग त्यांनाच फोन ठेवायची घाई होते. यंदा त्यांनी लिंबोणी लावली. मी विचारलं, "फळ धरायला पाच वर्षं ना?" म्हणाले, "धरू द्या की."

पण मला सांगायचंय ते त्या लग्नातल्या फोटोचं.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, स्टेजवर फोटोला गर्दी उडाली. मीही चढलो. नवरा-नवरीच्या बाजूला नाना-काकू, तात्या, त्यांची बायको, आणि मग मामे, मावश्या, आत्या. मला मिळाली ती अगदी शेवटची जागा, कडेला. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघून ओरडला, "ओ काका! शेवटचे काका! आत सरका, तुम्ही फोटोच्या बाहेर चाललाय!"

मी पोट आत घेऊन सरकायला लागलो, तेवढ्यात मधून सारिकाचा आवाज आला. मुंडावळ्या बाजूला करून, माझ्याकडं न बघता, सगळ्या स्टेजला ऐकू जाईल असा.

"ऱ्हाऊ द्या त्यास्नी भाईर. अख्खा देश भाईर ऱ्हायला तवा ह्यास्नी कुटं दिसला?"